जेबला मारायची घाई

१४ सप्टेंबर १९५३, सोमवार. बरबँक.

ही वही लिओटाने आणली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आजवर तिने मला मोज्यांशिवाय काही भेट दिलेलं आठवत नाही, आणि आज तर माझा वाढदिवसही नाही. म्हणाली, "लोकेशनवर रोज चार ओळी लिहीत जा. काय खाल्लंस, कुणाशी भांडलास, काहीही."

"कशाला?"

"मला नंतर वाचायला."

"नंतर म्हणजे कधी?"

"तू परत आल्यावर, दुसरं कधी?" असं म्हणून ती बटाटे सोलायला आत गेली. बटाटे मघाशीच सोलून झाले होते.

तर लिहितो. सुरुवात कशी करतात ठाऊक नाही, म्हणून कोर्टात करतात तशी करतो. नाव ऑर्व्हिल टॅकेट, वय एकसष्ट, धंदा मरण्याचा. घोडे-पिस्तुलांच्या चित्रपटांत मी नायकाचा म्हातारा सोबती असतो. पूर्वी तरुण सोबती असायचो, त्याआधी खलनायकाचा चमचा. कुणीही असलो तरी चित्रपट अर्ध्यावर आला की मला गोळी लागते, कारण मी मेल्याशिवाय नायकाला राग येत नाही. बाणाने मेलोय, पुरात मेलोय, एकदा बैलांच्या पायांखालीही मेलोय. मेल्यावर वाऱ्यात डोळे उघडे ठेवून पापणी न हलवणं या गावात माझ्याइतकं कुणालाच जमत नाही.

लिओटाने यातलं एकही मरण पाहिलेलं नाही. ती थेटरात माझ्याबरोबर येते, पण आता माझी पाळी असं वाटलं की पर्स उचलून बाहेर जाते आणि तिथे पेपरमिंटच्या गोळ्या चघळत उभी राहते. चित्रपट संपल्यावर विचारते, "झालं?" मी म्हणतो, "झालं." मग आम्ही घरी येतो.

या वेळी मात्र वेगळं आहे. एमेट रस्कच्या नव्या चित्रपटात मी जेब नावाचा म्हातारा गुराखी आहे आणि जेब मरत नाही. विश्वास बसेना म्हणून स्क्रिप्ट दोनदा वाचलं. शेवटच्या पानावर नायक निघून जातो, जेब घोडागाडीवर बसून त्याच्याकडे बघत हसतो, आणि तिथेच चित्रपट संपतो. शेवटचा चेहरा माझा! लिओटाला म्हटलं, "या वेळी शेवटपर्यंत बसायचं हं." ती हो म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

चित्रपटाआधी आम्हाला तपासणाऱ्या विम्याच्या डॉक्टरनेही या वेळी नको तेवढा वेळ घेतला. छातीचा एक्स-रे दोनदा काढला. म्हणाला, तुम्ही हललात. मी? मग मला बाहेर माशांच्या काचपेटीसमोर बसवून लिओटाला आत बोलावलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मीठ कमी करायला सांगितलंय." मीठ कमी करा एवढं सांगायला त्या माणसाला केवढा वेळ लागला. पेटीतला प्रत्येक मासा माझ्या ओळखीचा झाला.

१९ सप्टेंबर. लोन पाइन.

पोचलो. डोंगर जागेवर आहेत, हॉटेलातला पलंग तोच आहे आणि त्यातली मोडकी स्प्रिंगही तीच आहे. वाटेत धुळीने घसा बसला. गेला महिनाभर बसतोच आहे.

घोडेवाल्याने मला डॉली दिली. डॉली म्हणजे मुलांच्या वाढदिवसाला भाड्याने देतात तसली म्हातारी घोडी. मी म्हटलं, माझा नेहमीचा घोडा बिस्किट कुठाय? तो म्हणाला, "बिस्किट यंदा तुझ्यासाठी नाही, टॅक. वरून सांगितलंय." मी एमेटकडे गेलो. एमेट आणि मी मूकपटांपासूनचे दोस्त, इतर कुणाही दिग्दर्शकापेक्षा त्याच्यासाठीच मी जास्त वेळा मेलोय. तो म्हणाला, "जेब म्हातारा आहे. म्हाताऱ्याची घोडी म्हातारीच शोभते." पटण्यासारखं आहे. तरी राग आलाच.

त्याहून विचित्र म्हणजे रॉयस डनिंग. हा आमचा नायक. गेली दहा वर्षं आम्ही एकत्र काम करतोय आणि मला बायको आहे की नाही हेही त्याला माहीत नसावं. आज स्वतः उठला आणि म्हणाला, "टॅक, माझ्या खुर्चीत बस."

"का? मोडलीय का?"

त्याला हसू आलं नाही. खुर्ची मोडलेली नव्हती. त्याचं नाव पाठीमागे शिवलेलं आहे ती खुर्ची. मी दिवसभर तिच्यात बसलो आणि लोक माझ्याजवळून जाताना आवाज खाली आणत होते. मोठ्या नटांसमोर आणतात तसा.

२१ सप्टेंबर.

आज जे झालं ते लिहिताना अक्षर मोठं येतंय. आनंदाने!

आमच्यासारख्यांचे क्लोजअप केव्हा घेतात? दिवस संपताना. नायक मोटारीत बसून हॉटेलात गेलेला असतो, ऊन पिवळं पडलेलं असतं आणि त्याची वाक्यं कॅमेऱ्याशेजारी बसलेली बाई भाजीची यादी वाचल्यासारखी वाचते. आपण त्या बाईच्या कानाकडे बघून रडायचं. आज सकाळी, चांगल्यातल्या चांगल्या उजेडात, एमेट म्हणाला, "आधी टॅकचे क्लोजअप." आणि रॉयस गेला नाही! कॅमेऱ्यामागे उन्हात उभा राहून त्याने माझ्यासाठी आपली वाक्यं म्हटली. जीव ओतून म्हटली. एका वाक्याला त्याचे डोळे भरून आले. ते वाक्य फक्त 'खोगीर घाल, जेब' एवढंच होतं.

संध्याकाळपर्यंत नुसता माझाच चेहरा. पुढच्या आठवड्यातल्या प्रसंगांचेही क्लोजअप घेऊन टाकले. याचा अर्थ एकच. माझी भूमिका वाढतेय. तीस वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की टॅकेटला तोंड आहे. लिओटाला फोन करून सांगितलं. पलीकडे तिने नाक शिंकरलं. मग म्हणाली, "छान झालं. जेवलास का?"

२३ सप्टेंबर.

आनंद दोन दिवसही टिकला नाही.

आमच्याकडे स्क्रिप्ट बदललं की नवी पानं रंगीत कागदावर येतात. आज गुलाबी आली. कुठेतरी माझे संवाद वाढले असतील म्हणून मी उभ्याउभ्याच वाचायला घेतली. खिंडीत गोळीबार होतो. जेबला गोळी लागते. जेब मरतो. टेकडीवर त्याला पुरतात.

मी ती पानं घेऊन तसाच एमेटकडे गेलो.

"जेबला का मारलंस?"

"अजून कुठे मारलाय? दोन्ही शेवट घेऊन ठेवू. कुठला ठेवायचा ते चित्रपट कापून जोडताना बघू."

"मग आधी जगायचा घे."

"आधी मरायचा."

"का?"

त्याने टोपी काढली, आतली पट्टी पुसली, पुन्हा घातली. "उजेड. खिंडीत हा उजेड पुढे मिळत नाही."

"तीस वर्षं रणरणत्या दुपारी मारलंस मला, तेव्हा आठवला नाही तुला उजेड?"

"टॅक, लेका, एकदा पड ना. माझ्यासाठी. तुला काय कठीण आहे त्यात?"

"कठीण काही नाही. पण मला मारायची एवढी घाई का झालीय तुला?"

मी नेहमीच्या खवचटपणाने म्हटलं. पण त्याचं तोंड पिठासारखं पांढरं झालं. तो सामानाच्या ट्रकमागे गेला आणि तिथे एकटाच उभा राहिला. एवढं लागण्यासारखं काय होतं त्यात?

मला वाटतं रॉयसचं हे काम आहे. माझे क्लोजअप बघून तो घाबरला. खुर्ची देणारे लोक असेच असतात.

२४ सप्टेंबर.

स्पष्ट सांगितलं. मरणार नाही. बाकी काय हवं ते घ्या.

टेकडीवर खड्डा मात्र खणून तयार आहे. सुतारांनी जेबच्या नावाचा क्रूसही केलाय. मी त्यांना म्हटलं, घाई करू नका रे, गिऱ्हाईक आलेलं नाही. एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसणारी माणसं. त्यातला एकही हसला नाही.

२६ सप्टेंबर.

दुपारच्या बसमधून कोण उतरावं? लिओटा! हातात बॅग, डोक्याला रुमाल. या बाईला धुळीने शिंका येतात, घोड्याच्या वासाने मळमळतं. सत्तावीस वर्षांत एकदाही लोकेशनवर पाय ठेवला नाही. म्हणते, "घरी कंटाळा आला." सोबत बिनमिठाचे पाव आणि उकडलेल्या कोंबडीचा डबा. मी म्हटलं, इथे उत्तम खारवलेलं डुकराचं मांस मिळतं. तिने न ऐकल्यासारखं केलं.

संध्याकाळी ती आणि एमेट घोड्यांच्या छपरामागे बोलत होते. मी गेलो तसे गप्प झाले. लिओटाचे डोळे लाल होते. धूळ, म्हणाली. आता माझ्या ध्यानात येतंय सगळं. तिला कधीपासून ऑरेगनला समुद्राजवळ तिच्या बहिणीकडे जाऊन राहायचंय. दोघांनी मिळून मला काम सोडायला लावायचं ठरवलंय. जेबला मारायचं, ऑर्व्हिलला घरी न्यायचं. सरळ बोलतील तर शपथ.

तिला घेऊन परतताना टेकडीवरून आलो. खड्ड्यावर कुणीतरी ताडपत्री घातली होती, कडांना दगड ठेवून. सकाळी नव्हती. लिओटाने विचारलं, "ते काय आहे?" मी म्हटलं, "माझं घर." असली थट्टा मी नेहमी करतो. ती वाटेतच खाली बसली.

२८ सप्टेंबर.

आवाजवाल्या गसने दिवसभर मला त्याच्या गाडीत कोंडून ठेवलं. कॅमेरा नाही, काही नाही, नुसता टेप. जेबची सगळी वाक्यं म्हणून घेतली. मग सुटी वाक्यं. हो. नाही. आलोच. बघतोस काय, खोगीर घाल. थांब जरा. घोड्याला हाक, खोकला, शीळ. आणि हसणं, तऱ्हेतऱ्हेचं.

"एवढं हसून काय करणार आहेस, गस? बरणीत भरून ठेवणार का?"

तो म्हणाला, "तुझा घसा रोज बसत चाललाय, टॅक. आहे तोवर घेऊन ठेवतो."

आहे तोवर. याला म्हणतात कामाची कदर. मीही मग पोटातून हसलो. शेवटी शेवटी पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, कुणी खुंटी ठोकावी तसं दुखायला लागलं. मोडक्या स्प्रिंगच्या पलंगावर झोपल्यावर आणखी काय होणार?

३० सप्टेंबर.

वारा. काम बंद. मनाला काही गोड लागत नाही.

चार दिवसांपासून एक माणूस सेटवर येतो आणि मोटारीत बसून वर्तमानपत्र वाचतो. एमेट म्हणतो बँकेचा आहे. पण त्याच्या सीटवर काळी बॅग आहे आणि त्याचं लक्ष वर्तमानपत्रात नसतं. मी डॉलीवर चढलो की पान खाली येतं, उतरलो की वर जातं. काल मी मुद्दाम तीनदा चढलो-उतरलो. त्याचंही पान तीनदा खाली-वर झालं.

गिधाडं आज फार खाली फिरताहेत. एखादं वासरू मेलं असेल.

१ ऑक्टोबर.

हे लिहू की नको, ठरत नाही. लिहितो.

वायली प्रुइट माझा डुप्लिकेट आहे. पस्तिशीचा, अंगाने माझ्यासारखा, गुणी मुलगा. उंचावरून पडायचं असलं की माझा कोट घालून तो पडतो. दुपारी घोड्यांच्या छपराकडे गेलो तर तो जेबचा कोट आणि टोपी घालून डॉलीपाशी उभा होता. मला पाठमोरा. मी हाक मारणार इतक्यात तो चढायला लागला.

आधी त्याने डावा हात खोगिरावर ठेवला आणि मान खाली घातली. उजवी मूठ छातीवर दाबून धरली. तसाच थांबला. मग ओझं उचलावं तसं स्वतःला वर ओढलं आणि वर बसल्यावर तोंड उघडं ठेवून हवा ओढत राहिला. मग उतरला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मला हसू आलं. "काय रे हे सोंग? जेब दारुडा नाहीये."

तो दचकला. "मिस्टर टॅकेट... मी फक्त सराव करत होतो."

"कसला सराव? असा कोण चढतो घोड्यावर?"

तो लगामाशी चाळा करत राहिला.

"अरे बोल की. कोण चढतो?"

"तुम्ही," वायली म्हणाला. "तुम्ही असेच चढता. रोज. मिस्टर रस्क म्हणाले नीट बघून ठेव, मागून बघणाऱ्याला फरक कळता कामा नये."

"का कळता कामा नये? माझी अवघड उडी एकच आहे सगळ्या चित्रपटात."

तो कोटाची बटणं काढायला लागला आणि त्याने माझ्याकडे एकदाही वर बघितलं नाही.

पडण्याआधी माणूस कसा दिसतो हे दाखवून मी तीस वर्षं पोट भरलं. मान कशी जाते, हात कुठे जातो, श्वास कुठे अडतो. ते दुसऱ्याच्या अंगावर दिसलं तर मला कळणार नाही? वायलीने ते काही मनाने केलं नव्हतं. त्याने ते माझ्याकडून उचललं होतं.

खुर्ची. म्हातारी घोडी. हसण्याचे टेप. काळी बॅग.

आज जेवलो नाही. लिओटाने कारण विचारलं, म्हटलं भूक नाही.

२ ऑक्टोबर.

सकाळी हॉटेलच्या व्हरांड्यात तिला विचारलं. "कधीपासून माहीत आहे तुला?"

तिने कसलं म्हणून विचारलं नाही. म्हणाली, "तू मासे बघत बसला होतास तेव्हापासून."

छातीतली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलीय. घसा त्यानेच बसतो, पाठ त्यानेच दुखते. ती फुटणार. उद्या फुटेल किंवा सहा महिन्यांनी, डॉक्टर सांगू शकत नाही, आणि कापून दुरुस्त करेल असा कुणी त्याच्या माहितीत नाही. विमेवाल्यांनी माझं नाव खोडलं. कंपनी म्हणाली, दुसरा म्हातारा बघा. एमेट म्हणाला, जेब टॅकच करेल, काय होईल त्याला मी जबाबदार. लिओटाने हो म्हटलं, मला कळू द्यायचं नाही या अटीवर.

मी ओरडलो. बसलेल्या घशाने जेवढं ओरडता येतं तेवढं. "सगळ्या लोन पाइनला माहीत! त्या घोडीलासुद्धा माहीत! आणि ज्याला मरायचंय तो उंडारतोय मूर्खासारखा, माझी भूमिका वाढली म्हणून!"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? घरी बसून वाट बघितली असतीस. तुला बसची वाट बघता येत नाही, ऑर्व्हिल."

"ते मला ठरवू द्यायचं होतंस."

"हो," ती म्हणाली. "चुकलं माझं. पण फोनवर तू इतका खूश होतास रे."

मग ती रडली. मीही रडलो, ग्लिसरीन न घालता. मला भीती वाटतेय. एवढ्या वेळा मेलो, मला वाटायचं माझी भीती मरून गेली असेल. तशीच्या तशी आहे.

३ ऑक्टोबर.

एमेटला म्हटलं, "चल, धंद्याचं बोल. गळा काढायचा नाही."

त्याने ते धंद्यासारखंच सांगितलं, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. मरणाचा प्रसंग घेऊन ठेवला तर तो कुठेही जोडता येतो. मी केव्हाही गेलो तरी चित्रपट पुरा होतो. तो घेतला नाही आणि मी मध्येच गेलो, तर जेब गोष्टीतून गायब होतो, एवढ्या लोकांची सगळी मेहनत मातीत जाते. एमेटला पुन्हा कुणी कॅमेऱ्यामागे उभं करणार नाही. हे तो म्हणाला नाही, पण मला कळतं.

मी टेकडीवर गेलो. ताडपत्रीचे दगड बाजूला केले आणि खड्ड्यात बघितलं. छान खणलाय, कडा सरळ. एमेटसाठी एकदा पडणं मला जड नव्हतं. खरंच सांगतो, मी जवळजवळ तयार झालो होतो. मग मनात आलं, माझं जे व्हायचं ते होईल, ते कुणाच्या हातात नाही. पण जेबचं अजून आमच्या हातात आहे.

खाली आलो. "नाही पडणार मी. ऐक. सोमवारी शेवटचं पान घे."

"शेवट आधी?"

"मरण आधी घेत होतास तेव्हा चालत होतं ना? शेवट मिळाला की चित्रपट तुझ्या खिशात. मधलं जे राहील त्यासाठी उद्या माझे चेहरे घेऊन ठेव. आभाळासमोर नुसते चेहरे, कुठेही जोड. पाठ वायलीची, आवाज गसच्या टेपमधला. त्यात मी असलो काय नि नसलो काय, जेब चालत राहील."

एमेटने डोंगराकडे बघितलं. "तीस वर्षं मी मूर्खासारखा तुला मारत बसलो," तो म्हणाला. मग सुतारांना हाक मारून त्याने खड्डा बुजवायला लावला.

जाताना रॉयस भेटला. त्याला कळलं होतं की मला कळलंय. त्याने माझा हात हातात घेतला. शेवटी मीच म्हटलं, "खुर्ची परत हवीय का?"

"नको," तो म्हणाला आणि माझा हात सोडेना. याच्याबद्दल मी मागच्या पानांवर जे लिहिलंय ते खोडत नाही, पण ते चुकीचं होतं.

४ ऑक्टोबर, रविवार.

सुटीचा दिवस. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं तरी झाडून सगळे हजर. मला खोक्यावर बसवलं आणि मागे आभाळ. टोपी घालून, टोपी काढून. डावीकडे बघ, उजवीकडे बघ. कुणीतरी येताना दिसलं. कुणीतरी जाताना दिसलं. शंका, राग, डोळ्यांवर ऊन, चांगली कॉफी, वाईट कॉफी. मधूनमधून पाठीतली खुंटी कुणीतरी आत ठोकायचं आणि वर्तमानपत्रवाला, म्हणजे डॉक्टर, मोटारीतून उतरायचा. मी हाताने बस म्हणायचो. तो बसायचा.

कुणीतरी जाताना दिसलं हा चेहरा लिओटाकडे बघून दिला. एमेटने तो दुसऱ्यांदा मागितला नाही.

५ ऑक्टोबर, सोमवार.

सकाळपासून वही माझ्याबरोबर आहे. घोडागाडीवरच बसून लिहितोय, कारण ढग आलाय आणि तो जाईपर्यंत काम नाही.

पहिला टेक झाला. रॉयस दूर गेला, मी बघत राहिलो, हसलो. हसण्याला आवाज फुटलाच नाही, पण गसची बरणी भरलेली आहे. एमेट म्हणाला, "झालं. मिळालं. उतर खाली." सगळ्यांनी टोप्या काढल्या, जसं काही मी गेलोच.

मी म्हटलं, "पापणी हलली माझी. पुन्हा."

"टॅक, कुणाला दिसणार नाही."

"मला दिसेल."

शेवटचा चेहरा आयुष्यात एकदा मिळाला, तो काय पापणी हलवून देऊ? पहिला टेक डब्यात आहे, चित्रपट पुरा झालाय, एमेटची काळजी मिटली. हा दुसरा माझा.

पाठीतलं दुखणं पहाटेपासून थांबलेलं नाही, आता ते पुढे छातीत आलंय. अक्षर वाकडं येतंय ते गाडीमुळे नाही. वर्तमानपत्रवाल्याने आज वर्तमानपत्र आणलेलंच नाही. बॅग हातात घेऊन तो वायलीशेजारी उभा आहे. वायलीने माझा दुसरा कोट घातलाय आणि तो रडतोय, गाढव.

ढग सरकतोय. उजेड खिंडीतून इकडे यायला लागला. एमेटने हात वर केलाय.

लिओटा, तू कॅमेऱ्याशेजारी बसली आहेस. पेपरमिंटचा वास इथपर्यंत येतोय. तुझं तोंड मला दिसतंय आणि मघाशी तू पर्स उचललीस तेही दिसलं. ही वही रॉयस तुझ्याकडे आणून देईल. पर्स खाली ठेव. या वेळी मी मरत नाही, तू स्वतः वाचलं आहेस शेवटचं पान. आत्ताही उठायचं नाही आणि नंतर थेटरातही उठायचं नाही. दिवे लागेपर्यंत बस.